फक्त तिच्याच हातात

"किंमत काय लिहू?" यांनी विचारलं.

मी पार्सलाची शेवटची बाजू शिवत होते. मांजरपाटाचं कोरं कापड, दाभण आणि दुहेरी दोरा. आत पत्र्याचा डबा, डब्यात तेहतीस अनारसे, आणि तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं चांदीचं ताट आणि निरांजन. अधिक महिना चालू होता. तीन वर्षांनी येतो तो, आणि त्यात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून वाण देतात. आमच्या उजूच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. ती दिली होती तिकडे खानदेशात, अमळनेरला; आम्ही परभणीकडचे, सेलूचे. जावई येणार नाहीत असं उजूनं पत्रात कळवलं होतं, म्हणून वाण पोस्टानं निघालं होतं.

"वाणाची कुणी किंमत सांगतं का?" मी म्हटलं.

"देवाला नको सांगूस. पोस्टाला सांगावी लागते. हरवलं तर पोस्ट काय तुझ्या उपासांकडे बघून भरपाई देणार आहे?"

मी हसले. माझ्या उपासांवर यांचं असं काहीबाही चालायचंच. पहाटेची काकडआरती, तुळशीपुढचा दिवा, सोमवार, चतुर्थी, आणि अधिकात महिनाभर एकभुक्त. उजूचं लग्न झाल्यापासून सोळा सोमवार पुन्हा धरले होते. तिच्या सुखासाठी धरलेत, एवढंच यांना सांगितलं होतं.

हे तालुक्याच्या ट्रेझरीत रोखपाल होते. नोटांच्या पिशव्या शिवून, लाख लावून, शिक्का मारून पाठवायच्या, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे पार्सलाचं काम त्यांनी माझ्याकडून शिवणीपुरतंच घेतलं. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून ते शिवणीच्या प्रत्येक गाठीवर थेंब पाडत होते आणि थेंब निवायच्या आत त्यावर आपला पितळी शिक्का दाबत होते.

"शिवण उसवून पुन्हा शिवता येते," ते म्हणाले, "लाख एकदा फुटली की लपत नाही."

मग चष्मा लावून त्यांनी पत्ता लिहिला. सौ. उज्ज्वला प्रमोद पुराणिक. त्याखाली लाल शाईनं लिहिलं, 'फक्त पत्त्यावरील व्यक्तीच्याच हातात द्यावे.' आणि त्याखाली ठळक रेघ मारली.

वाण जावयाचं, मग नाव जावयाचं नको का, असं मी विचारलं. ते म्हणाले, चांदी बाईमाणसाच्या ताब्यात असलेली बरी. मला ते पटलं. पण रेघेचं काही कळेना.

"विहीणबाईंनी घेतलं तर काय बिघडलं? दिवाळीचा डबा त्यांनीच घेतला होता. संक्रांतीचा हलवाही."

"दिवाळीचा डबा म्हणजे चकल्या झाल्या. याला तिचीच सही पाहिजे. आणि पोचपावती परत आली पाहिजे, तिच्या सहीची."

यांचा स्वभावच तसा. दोरा दातानं तोडला आणि पार्सल देवापुढं ठेवलं.

पोस्टात ते स्वतः घेऊन गेले. मीही बरोबर गेले, कारण वाण घराबाहेर पडताना मागं जायला हवं, असं मला आपलं वाटलं. खिडकीवरचे सदावर्ते ओळखीचे होते. त्यांनी पार्सल चारी बाजूंनी फिरवून बघितलं, लाखेचे शिक्के मोजले आणि म्हणाले, "रावसाहेब, यात कोहिनूर आहे का?" हे हसले नाहीत. विमा किती रकमेचा, वजन किती, पोचपावतीचं कार्ड जोडलं की नाही, सगळं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. पावती घडी करून खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत त्या खिशावर हात होता.

मग वाट बघणं सुरू झालं. ट्रेझरीतून हे दुपारी जेवायला घरी यायचे. दारातच विचारायचे, "कार्ड आलं?" मी मान हलवायची. अनारशांची काळजी मला होती, पावसाळी हवेत ते मऊ पडतात. यांना अनारशांचं काही नव्हतं. एकदा मी म्हटलं, एवढं काय, उजूचं पत्र येईलच की. पत्र तर तिचं दर महिन्याला यायचं. आम्ही मजेत आहोत, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून दिवाळीला येता आलं नाही, अण्णांना नमस्कार. ते पत्र मी देवघरात ठेवायची.

हे म्हणाले, "पत्र कुणीही लिहील."

"अहो, अक्षर तिचं आहे."

"अक्षर तिचं आहे," ते म्हणाले, आणि ताटावरून उठले.

अधिक सरत आला होता तेव्हाची गोष्ट. मी तुळशीला पाणी घालत होते. फाटक वाजलं. आमचे पोस्टमन शेखचाचा आत आले आणि ओसरीवर त्यांनी जे ठेवलं ते माझंच शिवलेलं पार्सल होतं. माझा दोरा, माझी गाठ, यांची लाख. एकही शिक्का फुटला नव्हता.

"ताई, सही करा," शेखचाचा म्हणाले. "परत आलंय."

मी ओल्या हातानं सही केली. लेकीला पाठवलेलं वाण मीच सोडवून घेतलं. कापडावर पत्त्याशेजारी निळ्या पेन्सिलीनं कुणी लिहिलं होतं ते मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग शेखचाचांना वाचायला सांगितलं, कारण माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता.

"पत्त्यावरील व्यक्ती इथं राहत नाही," त्यांनी सावकाश वाचलं. "नवा पोस्टमन असेल, ताई. घर चुकलं असेल."

घर चुकलं नव्हतं. त्याच घरी दिवाळीचा डबा पोचला होता. त्याच घरी संक्रांतीचा हलवा पोचला होता. फक्त जे तिच्या हातात द्यायचं म्हटलं, तेवढंच परत आलं होतं.

तो काळ कसा होता ते सांगायला हवं. रोजच्या पेपरात कुठं ना कुठं स्टोव्ह भडकलेला असायचा आणि तो भडकायचा तो सुनेच्याच अंगावर. मी ओसरीच्या खांबाला धरून खाली बसले. आठवून बघितलं, उजूचा आवाज शेवटचा कधी ऐकला होता. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला. म्हणजे दोन वर्षं होत आली होती, आणि मी पत्रं देवघरात ठेवत बसले होते.

दुपारी हे आले. पार्सल बघितलं. वाकून निळी अक्षरं वाचली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं ते चिडतील, पोस्टाला नावं ठेवतील, अर्ज लिहायला बसतील. ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून हातात धरून राहिले.

"मी जाते," मी म्हटलं.

"आधी पत्र टाकू. सासूबाईंच्या नावानं परत पाठवू."

"मी उद्या पहाटे जाते. तुम्ही येता?"

"ट्रेझरीत तपासणी आहे."

लग्नाला तीस वर्षं होत आली होती, मी कधी एकटी माहेरीही गेले नव्हते. पण त्यांनी पुन्हा अडवलं नाही. पहाटे स्टँडवर सोडायला आले, मला खिडकीची जागा मिळवून दिली, पार्सल मांडीवर ठेवून दिलं. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "भेटली तर तिच्याकडून पोच लिहून घे. साध्या कागदावर चालेल."

भेटली तर. हे शब्द मी जालन्यापर्यंत मोजत गेले.

जालन्याला गाडी बदलली, औरंगाबादला बदलली. पुढं घाट उतरून गाडी खानदेशात आली. धुळ्याच्या स्टँडवर ती बराच वेळ उभी होती. कंडक्टर चहा पीत होता. समोरून पांढऱ्या साड्या नेसलेल्या नर्सिंगच्या पोरी घोळक्यानं चालल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत नुसती बसले होते. तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. विष्णुसहस्रनाम म्हणायला घेतलं की मध्येच सुटत होतं, आणि रोजचं पाठ असलेलं सुटतंय याचंही काही वाटत नव्हतं.

अमळनेरला पुराणिकांच्या दारात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. द्वारकाबाई, माझ्या विहीणबाई, उंबऱ्याशी बसून गव्हातले खडे वेचत होत्या. वय माझ्याहून दहा वर्षांनी जास्त, बोलणं फटकळ. लग्नात मानपानावरून त्यांनी मला चारचौघांत सुनावलं होतं, ते मी विसरले नव्हते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कडेवरच्या पार्सलाकडे.

"आलंच का ते तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं."

"उजू कुठं आहे?"

"आत या. पाणी घ्या."

"पाणी नको. उजू कुठं आहे?"

मी त्यांच्या अंगावरून आत गेले. सरळ स्वयंपाकघरात. भिंतीवर काजळी आहे का ते बघितलं, छताकडे बघितलं. चूल नव्हती, गॅस होता. फडताळात माझ्याच हातचा दिवाळीचा डबा धुऊन पालथा घातला होता.

द्वारकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी काय शोधतेय ते त्यांना कळलं असावं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"जिवंत आहे हो. सुखरूप आहे. आधी एवढं ऐका, मग काय बोलायचं ते बोला मला."

 मी तिथंच फरशीवर बसले. त्यांनी तांब्या माझ्या पुढ्यात ठेवला आणि या वेळी मी तो तोंडाला लावला.

मग त्यांनी सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. त्यांचा प्रमोद, त्यांच्या पोटचा, लग्नानंतर सहा महिन्यांतच हात उचलायला लागला. कारण काहीही. भाजीत मीठ, शर्टाची गुंडी, नाहीतर नुसतं तोंडाकडे बघणं. द्वारकाबाई मध्ये पडल्या तर त्यांनाही ढकलायचा. दीड वर्षापूर्वी माघात, रथसप्तमीच्या दिवशी, त्यानं पोरीचा हात पिरगाळला आणि मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर करून आणलं, डॉक्टरला सांगितलं, न्हाणीत पडली.

"दुसऱ्या दिवशी तो झोपेत असतानाच मी तिला उठवली," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिकिटाचे पैसे दिले, दशम्या बांधून दिल्या आणि पहिल्या गाडीत बसवली. म्हटलं, माहेरी जा. आईकडे जा. आता येऊ नकोस."

"कुणाच्या आईकडे?" मी विचारलं. मला खरंच समजलं नव्हतं.

"तुमच्याकडे, विहीणबाई. सेलूला."

"माघात? उजू सेलूला आली नाही."

 द्वारकाबाईंनी हातात राहिलेला गव्हातला खडा खाली ठेवला.

"आली होती," त्या म्हणाल्या. "स्टँडपर्यंत आली होती. तुम्हाला ठाऊक नाही?"

स्टँडसमोरच ट्रेझरी आहे आमच्याकडची. गाडीतून उतरलं की तिची पाटी दिसते. उजूनं आधी वडिलांना गाठलं. त्यांनी तिला समोरच्या हॉटेलात नेलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. आणि संध्याकाळच्या औरंगाबाद गाडीत परत बसवून दिलं. रात्रभर प्रवास करून ती दुसऱ्या दिवशी सकाळी याच दारात उभी राहिली, गळ्यात हात अडकवलेली, आणि द्वारकाबाईंच्या म्हणण्याप्रमाणं एक शब्द न बोलता आत जाऊन तिनं सांडलेलं दूध पुसायला घेतलं.

"मी कपाळावर हात मारला. प्रमोद अंघोळीला गेला होता. तशीच तिला मागच्या दारानं काढली आणि स्वतः घेऊन गेले धुळ्याला. माझ्या भावाची बायको तिथं एकटी असते. तिच्याकडे ठेवली. तिथंच नर्सिंग शिकतेय आता. प्रमोदला सांगितलं, गेली माहेरी, तू मोडलेला हात घेऊन गेली, जा आणायची हिंमत असेल तर. नाही गेला. आता तोही नाशकाला असतो. मी इथं एकटी."

"मला का नाही कळवलंत?" मी विचारलं. 

"मला वाटलं, तुमच्या दोघांचा विचार असेल. बाप बसवून देतो गाडीत ते काय आईला विचारल्याशिवाय? तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या. म्हटलं, यांना लेक सासरीच हवी असेल. कळवलं असतं आणि दुसऱ्यांदा आणून सोडली असती तर मी तिला कुठं ठेवली असती?" मग त्या म्हणाल्या, "पत्रं तीच लिहायची, मी इथून टाकायची. तुमचे डबे मी धुळ्याला पोचवायची. दिवाळीच्या चकल्या मात्र चार ठेवून घेतल्या, खोटं कशाला बोलू. हेही पोचवलं असतं. पण तो पोस्टमन हट्टाला पेटला. म्हणाला, वरती लिहिलंय, तिचीच सही पाहिजे, तिला बोलवा. कुठून बोलवू? धुळ्याचा पत्ता सांगितला असता तर गल्लीत झाला असता, आणि गल्लीतून नाशकाला गेला असता. म्हटलं, राहत नाही इथं."

 रथसप्तमीचा दुसरा दिवस मला आठवत होता. आदल्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू झालं होतं, आणि उरलेल्या बोरांची नि हरभऱ्याची टोपली ओसरीवरच होती. हे संध्याकाळी उशिरा आले. उशीर का झाला विचारलं, तर म्हणाले, बँकेची गाडी आली होती, रोकड मोजून घेतली. मी वांग्याचं भरीत केलं होतं. त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. भरीत छान झालंय म्हणाले. मला ते नीट आठवत होतं, कारण स्वयंपाकाचं कौतुक ते कधी करत नसत.

सकाळी आम्ही दोघी धुळ्याला गेलो. त्याच स्टँडवर उतरलो जिथं आदल्या दिवशी मी खिडकीत बसून होते.

उजू रात्रपाळी करून आली होती. पांढरी साडी, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. मला बघून ती जिन्यात थांबली. धावत आली नाही. आधी माझ्या मागं बघितलं, आणखी कोणी आहे का ते.

"मी एकटीच आलेय," मी म्हटलं.

मग ती आली. मी तिला धरलं तेव्हा तिचं डावं मनगट माझ्या हाताला लागलं. हाड वर आलं होतं, नीट बसलं नव्हतं.

चहा झाला, द्वारकाबाईंच्या भावजयीशी, मामींशी, ओळख झाली. पार्सल तिच्यापुढं ठेवलं. ती लाखेवरून बोट फिरवत राहिली.

"अण्णांचा शिक्का," ती म्हणाली. मग लाल अक्षरं वाचली. "त्यांना बघायचं असेल, मी आहे का तिथं."

मला त्या रेघेचा अर्थ तेव्हा लागला. चांदीसाठी नव्हती ती रेघ.

"तू त्यांना सांगितलं होतंस?" मी विचारलं. "सगळं?"

"हात गळ्यात होता, आई. सांगायचं काय राहिलं होतं?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नवीन संसारात होतं असं. म्हणाले, आईला कळलं तर ती अन्न सोडेल, तुझ्यासाठीच सोमवार करतेय ती. तुझी शपथ घातली मला." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, पेशंटची माहिती सांगावी तशी. "बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. खिडकीची जागा मिळवून दिली. कंडक्टरला सांगितलं, मुलगी एकटी आहे, औरंगाबादला पुढच्या गाडीत नीट बसवून द्या. गाडी निघेपर्यंत उभे होते. हात केला."

द्वारकाबाई उठून गॅलरीत गेल्या.

उजूला एका हातानं लाख फोडता येईना. मी पार्सल धरून ठेवलं आणि तिनं उजव्या हातानं बत्त्याचा घाव घातला. एकेक शिक्का फुटला. कापड मीच उसवलं. अनारसे तळाशी मऊ पडले होते, पण खसखस तशीच होती. तिनं एक मोडून तोंडात टाकला, ताट बाहेर काढलं आणि पुसलं.

"हे वाण आता कुणाला द्यायचं, आई?"

मी ताटात अनारसे मांडले. निरांजन मधोमध ठेवलं, मामींकडून तूप-वात मागून घेतली, दिवा लावला. आणि गॅलरीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "विहीणबाई, पदर पसरा."

त्यांनी वळून बघितलं. ताट बघितलं, आणि पदर पोटाशी घट्ट धरला.

"मला? अहो, मी बिनकुंकवाची. अधिकाचं वाण मला कुठं चालतं? तुम्ही एवढ्या व्रतं करणाऱ्या."

"म्हणूनच सांगते," मी म्हटलं. "पसरा."

 त्यांनी पदर पसरला. मी वाण दिलं आणि वाकून नमस्कार केला.

धुळ्याला मी चार दिवस राहिले. अधिक तिथंच संपवला. उजूला म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, शिक्षण संपू दे, मग येईन, माझी मी येईन. मी आग्रह केला नाही. निघताना तिनं विचारलं, "अण्णांना काय सांगशील?" मी म्हटलं, "तू मला गरमागरम चहा पाजलास, एवढंच सांगेन." ती हसली. मला हसायला आलं नाही.

सेलूला पोचले तेव्हा दुपार होती, रविवार होता. यांनी स्वतःच्या हातानं पिठलं-भात केला होता. पिशवीतलं मांजरपाटाचं कापड मी खुंटीला अडकवलं. फुटक्या लाखेचे तांबडे तुकडे त्याला अजून चिकटले होते. हात-पाय धुतले, देवाला दिवा लावला आणि यांना ताट वाढलं.

त्यांनी चित्राहुती घातली. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग न राहवून विचारलं, "दिलंस?"

"दिलं."

"तिच्याच हातात?"

"तिच्याच हातात."

त्यांनी श्वास सोडला. इतक्या दिवसांचा अडकलेला श्वास असावा तसा. चेहरा सैल पडला. म्हणाले, "मग ठीक आहे. सही घेतलीस का?"

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"त्या दिवशी," मी विचारलं, "स्टँडवर तिनं चहा घेतला होता का हो?"

घास हातातच राहिला. खुंटीवरच्या कापडाकडे त्यांची नजर गेली आणि तिथंच थांबली. मला वाटलं ते म्हणतील, कोणता दिवस. विचारतील, कोण म्हणालं. तेवढं तरी म्हणावं अशी माझी तेव्हाही इच्छा होती.

"अर्धा," ते म्हणाले. "गाडी सुटत होती."

मी त्यांना ताक वाढलं. मग माझं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून जेवले. बोलले नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. यांना निवृत्त होऊनही खूप काळ लोटला. घरात लागेल तेवढं आम्ही बोलतो, पाणी तापलं, दूधवाला आला, गोळी घेतली का. पण जेवताना मी बोलत नाही. आळीतल्या बायका म्हणतात, काकूंनी मौनभोजनाचं व्रत धरलंय, चातुर्मासापुरतं धरतात लोक, काकूंनी कायमचं धरलं. पाहुणे आले की हेच त्यांना सांगतात, हिचं जेवताना मौन असतं, तिला काही विचारू नका. मागं एकदा गुरुजींनी विचारलं, या व्रताचं उद्यापन कधी करायचं. हे म्हणाले, तिचं तिला ठाऊक.

उजू वर्षातून दोनदा येते. मोठ्या दवाखान्यात मेट्रन आहे. येताना दरवेळी द्वारकाबाईंच्या फोटोला घालायला मोगऱ्याचा गजरा आमच्याच अंगणातून घेऊन जाते. दुपारी ती माझ्या शेजारी पाट घेते. आमटीत गूळ जास्त झाला म्हणते. तिच्या वॉर्डातल्या गमती सांगते, कोणत्या आजोबांनी इंजेक्शनला कसा हात दिला नाही त्या. आणि मी बोलते. विचारते, हसते, ताट वाळेपर्यंत बोलत बसते.

हे समोरच बसलेले असतात. तेवढा वेळ ते ताटातून मान वर करत नाहीत.